फारकतीचा कागद

भाईंदर स्थानकावर पूर्वेच्या बाजूस उतरून खाडीच्या रोखाने चालू लागले म्हणजे थोड्याच वेळात जेसल पार्क नावाची वसाहत लागते. पलीकडे वसईचा किनारा, मधून खाडीवरचा रेल्वेचा पूल, आणि सायंकाळी चौपाटीवर वारा खावयास आलेली आबालवृद्ध मंडळी, असा येथील देखावा आहे. एके काळी मिठागरे आणि भातशेती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागास १९८५ साली नगरपरिषद मिळाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली. आणि त्या सुमारास गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून निघालेली कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबे येथील इमारतींत येऊन स्थिरावली. त्यांतीलच आम्ही एक.

आमच्या दोन मजले खाली एक बाई आपल्या मुलासह राहतात. आठ वर्षांपूर्वी उभयतांच्या संमतीने त्यांचा घटस्फोट झाला. तोपर्यंत सारी इमारत त्यांस 'वहिनी' म्हणत असे. हुकूमनामा झाल्याची वार्ता पसरल्यावर वहिनी म्हणावे तर कोणाच्या नात्याने, असा पेच शेजाऱ्यांस पडला. काही महिने लोक त्यांस कोणत्याच नावाने हाक मारीत नसत. 'अहो, जरा ऐकता का' एवढ्यावर भागवीत. पुढे हळूहळू त्या 'ताई' झाल्या. नात्याचा एक शब्द जाऊन दुसरा यावयास इमारतीस वर्ष लागले. कागदोपत्री तोच फेरफार अद्याप पुरा झालेला नाही, हे आम्हांस गेल्या जून महिन्यात कळले.

मुलाच्या महाविद्यालयातील प्रवेशासाठी कोणते दाखले जोडावे हे विचारावयास त्या आमच्याकडे आल्या. हातातील कापडी पिशवीतून एक जाड फाईल निघाली. तीत न्यायालयाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल होती, संमतीच्या अटींचा कागद होता, विवाहनोंदणीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शिधापत्रिका, विजेची बिले, शाळेच्या फीच्या पावत्या होत्या. पोटगी जमा झाल्याच्या नोंदींखाली पेन्सिलीने रेघा ओढलेली बँकेची पासबुके होती. आणि या सर्वांच्या मध्ये, हळदीकुंकवाची बोटे उमटलेली त्यांच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका होती. विवाह झाल्याचा पुरावा म्हणून अर्जासोबत ती जोडावी लागली होती. तेव्हापासून तीही नकलांच्या गर्दीत येऊन बसली होती. फाईल मिटताना बाई म्हणाल्या, "सर, हे सगळं अजून किती वर्षं सांभाळायचं? मुलगा वाढतोय तशी ही फाईलही वाढतेय."

आम्ही त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. परंतु प्रश्न मनातून जाईना. पतिपत्नी विभक्त झाल्यावर कागद कोणी ठेवावयाचा, कशासाठी ठेवावयाचा, आणि तो नसला तर कोणाचे अडते, या प्रश्नांस आपल्या महाराष्ट्रात बराच जुना इतिहास आहे. तो वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, आणि साधल्यास त्या बाईंच्या प्रश्नास उत्तरही द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'घटस्फोट' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द मुळात विवाहाचा नव्हेच. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या माणसाच्या नावाने घट फोडून त्यास जातीबाहेर टाकण्याचा जो विधी, त्यास हे नाव होते. विवाहविच्छेदाच्या अर्थाने तो मागाहून रूढ झाला, आणि येताना आपल्या जुन्या अर्थाची थोडी सावली बरोबर घेऊन आला असावा, असे पुष्कळदा वाटते. सामान्य जनांचे शब्द याहून वेगळे आणि अधिक रोकठोक: काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत. काडीमोड म्हणजे जमलेल्या मंडळींसमक्ष काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर करावयाचे. येथे साक्ष माणसांची, कागदाची गरज नाही. सोडचिठ्ठी म्हणजे नवऱ्याने बायकोस लिहून दिलेली चिठ्ठी. आणि फारकत, जुन्या दप्तरांतील फारखत किंवा फारखती, हा तर सरळ देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख. कर्जाची फेड झाली म्हणजे सावकार कुळास जो मोकळीक दिल्याचा लेख देई तीही फारखतच. ऋणातून सुटलेले कूळ आणि लग्नातून सुटलेली स्त्री या दोघांस एकाच नावाचा कागद मिळे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कुळाने फारखत हरविली तर सावकाराचा वारस तेच कर्ज पुन्हा मागू शके; स्त्रीने हरविली तर जुना नवरा पुन्हा दारात उभा राहू शके. म्हणून दोघेही तो कागद जिवापाड जपत.

१८२७ साली आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात या सोडचिठ्ठीचा उल्लेख आला आहे. ज्या जातींत पाटाची चाल होती, त्यांत नवऱ्याने चिठ्ठी दिली म्हणजे बायकोस दुसऱ्याशी पाट लावण्याची वाट मोकळी होई. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, कागद देणारा पुरुष आणि जपणारी स्त्री, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. पुरुषास असा कागद ठेवण्याचे कारणच नव्हते, कारण एक बायको असता दुसरी करावयास त्याला कोणाची परवानगी लागत नसे. पांढरपेशा जातींची स्थिती याहूनही कठीण होती. त्यांत सोडचिठ्ठीही नव्हती आणि पाटही नव्हता. नवऱ्याने टाकलेली बायको माहेरच्या माजघरात आयुष्य काढी आणि कागदावर अखेरपर्यंत त्याचीच पत्नी राही. अर्थात तिला फाईल ठेवावी लागत नसे. कारण फाईल ठेवून तिचे सुटण्यासारखे काही नव्हते.

इंग्रजी अंमलात या व्यवस्थेवर नवा ताण आला. १८६० च्या दंडसंहितेने पती हयात असता दुसरा विवाह करणाऱ्या स्त्रीस शिक्षा सांगितली. हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह मुळात कायदेशीरच असल्याने त्यास त्या कलमाची बाधा नव्हती. पुढे १८७६ साली संभू रघू याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले की, विवाह रद्द ठरविण्याचा अथवा नवरा जिवंत असता स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मान्य करणार नाही. जातीच्या जुलमास यामुळे थोडा लगाम बसला असेलही; परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पंचांसमक्ष काडी मोडून जी बाई स्वतःस मोकळी समजत होती, तिच्यापाशी आता न्यायाधीशास दाखविण्याजोगे काही उरले नाही. समाजाने 'मोकळी' म्हटलेली स्त्री सरकारच्या दृष्टीने अपराधी ठरू शकत होती. जमलेल्या मंडळींच्या साक्षीची किंमत घटली, आणि नवऱ्याच्या हातच्या चिठ्ठीची तितकीच वाढली असली पाहिजे, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ज्यांच्यापाशी चिठ्ठी नव्हती अशांपैकी एकीचे नाव आपल्या इतिहासात राहून गेले आहे. रखमाबाईंचा विवाह बालपणी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. १८८४ साली दादाजींनी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला. आणि १८८७ च्या मार्च महिन्यात न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जावे नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. त्यावरून दोन्ही बाजूंनी केवढे वादळ उठले हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. येथे आमचे लक्ष त्या वादळाच्या शेवटाकडे आहे. १८८८ साली तडजोड झाली; दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. म्हणजे देशभर गाजलेल्या या खटल्याच्या अखेरीस रखमाबाईंच्या हाती पडली ती सोडचिठ्ठी नव्हे, आणि ज्यास आपण घटस्फोट म्हणतो तोही नव्हे. सावकाराने कुळास द्यावी तशी, पैसे पोचल्यावर तगादा न करण्याची ती कबुली होती. पुढे त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. यामागे त्यांचे मन काय होते ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जे नाते तुटल्याचा कागद कोणी दिलाच नव्हता, ते सरकारदरबारी त्या दिवसापर्यंत चालूच होते, ही वस्तुस्थिती आहे.

कायद्याने हा कागद सर्व हिंदू स्त्रियांच्या हाती पडावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. संस्थानांनी पहिले पाऊल टाकले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९१९ साली काडीमोडीविषयी कायदा झाला; सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. मुंबई इलाख्याने १९४६ साली हिंदू पुरुषाच्या द्विभार्या विवाहास बंदी केली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. या दोन सालांचे महत्त्व आमच्या मते एकत्र पाहिले पाहिजे. १९४६ पर्यंत कागदाची गरज एकट्या स्त्रीला होती. त्या साली प्रथमच पुरुषासही, दुसरे लग्न करावयाचे असेल तर पहिले संपल्याचा कागद आवश्यक झाला. पुढील वर्षीच तो मिळण्याची सोय करण्यात आली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात येऊन हीच व्यवस्था देशभर पोचली.

इतर समाजांचे मार्ग निराळे होते. ख्रिस्ती दांपत्यांस १८६९ चा कायदा लागू होता, आणि त्यातील स्त्रीवर लादलेल्या अधिक जाचक अटी २००१ साली दूर झाल्या. मुसलमान स्त्रियांस १९३९ च्या कायद्याने न्यायालयात जाऊन विवाह संपविण्याची वाट मिळाली. परंतु तोंडी तलाकाचे भय मात्र राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा जो मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, त्यातील गाऱ्हाण्याचे मूळ हेच की, जे नाते कागद करून जोडले ते कागदावाचून, एका दमात, तुटत होते. एका दमातील त्या तलाकास २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरविले.

१९७६ साली हिंदू विवाह कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील दोन येथे सांगितल्या पाहिजेत. पहिली परस्परसंमतीच्या घटस्फोटाची. तोवर एकाने दुसऱ्यावर दोषारोप केल्यावाचून सुटका नव्हती. सुटकेचा कागद हा अपरिहार्यपणे आरोपांचा कागद असे. संमतीच्या अर्जात एवढेच लिहावे लागते की, आम्ही एक वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत आहोत, एकत्र नांदू शकत नाही, आणि विवाह संपवावा हे उभयतांस मान्य आहे. दुसरी दुरुस्ती बारीक आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा करणाऱ्या न्यायालयाने त्याची प्रत उभय पक्षांस विनामूल्य द्यावी, असे तीत सांगितले आहे. देणारा पुरुष आणि जपणारी स्त्री ही जुनी वाटणी कायद्याच्या अक्षरात येथे संपली. कागद दोघांचा झाला.

अक्षरात संपली, व्यवहारात संपली नाही. येथून आपण पुन्हा जेसल पार्काकडे वळू.

बाईंची फाईल आम्ही नंतर एका रविवारी सावकाश पाहिली. ती एवढी जाड का, याचा उलगडा तेव्हा झाला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंद पालिकेतील विवाह निबंधकाकडे होते; विवाह संपल्याचा हुकूमनामा न्यायालयाच्या दप्तरात राहतो. हिंदू विवाह कायद्यात या दोन दप्तरांची गाठ घालणारे कलम नाही. पारशी समाजासाठी १९३६ साली जो कायदा झाला, त्यात न्यायालयाने हुकूमनाम्याची नक्कल विवाह निबंधकाकडे पाठवावी आणि त्याने ती नोंदवून घ्यावी, असे स्पष्ट लिहिले आहे. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाने १९१० साली घटस्फोटाचा कायदा केला तेव्हापासूनची परंपरा अशी की, विवाहाच्या मूळ नोंदीच्या समासातच विच्छेदाचा शेरा पडतो. तेथील स्त्रीने विवाहनोंदीचा उतारा काढला म्हणजे बांधले केव्हा व सुटले केव्हा, हे एकाच कागदावर येते. आपल्याकडे पालिकेचे दप्तर म्हणते ही विवाहित आहे. न्यायालयाचे दप्तर म्हणते नाही. आणि या दोन दप्तरांमधला निरोप्या म्हणून ती बाई पिशवी घेऊन हिंडते. भाईंदरहून ठाण्यास लोहमार्गाने जावयाचे तर दादरपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर यावे लागते, नाहीतर घोडबंदरच्या रस्त्याने बस. एका नकलेसाठी त्यांनी असे चार हेलपाटे घातले होते.

त्यात आपल्या नावांची रीत. आमच्या समाजात लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते एवढेच नव्हे, मधले नावही बदलते. पुष्कळ घरी पहिलेही बदलतात. त्यामुळे बाईंच्या पदवीपत्रावर एक नाव, बँकेत दुसरे, आणि घटस्फोटानंतर राजपत्रात जाहिरात देऊन घेतलेले तिसरे, अशी स्थिती झाली. तिन्ही नावांची स्त्री एकच, हे सांगणारा कागद म्हणजे पुन्हा तो हुकूमनामा. मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव आहे आणि ते राहावे अशीच त्यांची इच्छा. तरी प्रत्येक खिडकीवर 'वडिलांची सही कुठे आहे' हा प्रश्न ठरलेला. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने अपत्याच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय घेतला. पुढील पिढीस त्याचा उपयोग होईल.

सहीचा हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईची सही आहे, वडिलांची आणा, असे सांगून अर्ज परत आला. त्यांचा संसार मोडलेला नव्हता; पतीचीही संमतीच होती. तरीही १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता आणि 'त्याच्यानंतर' माता असे शब्द असल्याने अडवणूक झाली. १९९९ साली न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ केवळ 'त्याच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. म्हणजे पिता हयात असूनही प्रत्यक्ष जबाबदारी आई वाहत असेल तर तिची सही पुरी. २०१६ च्या डिसेंबरात पारपत्राच्या नियमांतही मोकळीक आली. आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरे झाले, आणि विभक्त अर्जदाराने घटस्फोटाचा कागद जोडण्याची सक्ती गेली. वाचकांस ही लहानशी सवलत वाटेल. ज्या स्त्रीने तो कागद अनोळखी कारकुनांपुढे कित्येकदा उलगडला आहे, तिला विचारावे.

पोटगीची गोष्टही कागदाचीच. २०२० साली, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, पोटगी मागणाऱ्याने व देणाऱ्याने, दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्या दिवसापासून घरातील किरकोळ खर्चाची वही हा एक पुरावा होऊन बसला. बाईंच्या फाईलीत वाण्याच्या पावत्याही आढळल्या, त्याचे कारण हेच. घराची गोष्ट त्याहून मजेची. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर दोघांची नावे होती. पतीने आपला भाग सोडून दिल्याचा जो लेख दुय्यम निबंधकाकडे नोंदविण्यात आला, त्याचे नाव हक्कसोडपत्र. आम्ही तो वाचला आणि मनात म्हटले, ही तर आमची जुनी फारखत! फरक एवढाच की, या वेळी सोडलेली वस्तू बायको नसून दोन खोल्यांचे घर होते.

येथे न्यायास धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फाईल एकट्या बाईंनीच ठेवली आहे असे नाही. मुलाचे वडील दुसऱ्या उपनगरात राहतात. महिन्यातून दोन रविवारी येऊन मुलास घेऊन जातात. बाईंच्याच तोंडून आम्हांस कळले की, त्यांच्याकडेही फी भरल्याच्या पावत्या क्रमवार लावलेल्या आहेत, आणि एकदा बाईंची एक पावती हरवली तेव्हा नक्कल त्यांनीच पाठविली. जी दोन माणसे एका घरात नांदू शकली नाहीत ती एका मुलाच्या दप्तरापुरती अद्याप एकमेकांस जबाबदार आहेत. विवाह संपतो, परंतु कुटुंबाचा हिशेब संपत नाही. आणि तो हिशेब नीट ठेवला तर दर वेळी नव्याने भांडावे लागत नाही.

एक धोक्याची सूचना ओघाने द्यावीशी वाटते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर 'सोडचिठ्ठी' लिहून, नोटरीचा शिक्का मारून मोकळे झालो असे समजणारे लोक अजूनही भेटतात. १९५५ च्या कायद्याने रूढीने होणारी काडीमोड राखून ठेवली आहे हे खरे. परंतु आपल्या जातीत तशी रूढी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो, आणि सिद्ध न झाल्यास तो कागद फुकट जातो. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न करणाराची गत १८७६ सालच्या माणसाहून फारशी निराळी होणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. किती दिवस सांभाळावयाचे?

या सर्व इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे की, फारकतीचा कागद हा आठवण ठेवण्यासाठी नाही, तो मोकळे राहण्यासाठी आहे. ज्या दप्तरात शेरा एकदा पडला की पुन्हा विचारणा होत नाही, ते दप्तर चांगले. आणि माणसास आपली कहाणी वारंवार सांगावयास लावते, ते दप्तर वाईट. आपल्याकडील विवाहनोंदीच्या समासात गोव्याप्रमाणे विच्छेदाचा शेरा पडू लागेल तर कित्येक स्त्रियांच्या पिशव्या हलक्या होतील. तोपर्यंत मात्र, ज्याच्या आधाराने बाकी सर्व उभे आहे ते चार कागद जन्मभर ठेवावे: हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, संमतीच्या अटी, मुलाचा जन्मदाखला आणि घराचे हक्कसोडपत्र. नामनिर्देशन हा कागद मात्र जुन्याचा नवा करावा. कारण बँकेत आणि विम्यात एकदा लिहिलेले नाव घटस्फोट झाला म्हणून आपण होऊन बदलत नाही. पावत्या, बिले, पासबुके यांस मात्र वय असते. ते भरले, देणेघेणे चुकते झाले, आणि वकिलास एकदा विचारून घेतले, की त्यांस निरोप द्यावा.

हे सर्व आम्ही बाईंस सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी त्यानं ही फाईल काढून वाचली. मला नंतर कळलं. काही बोलला नाही; एवढंच विचारलं, आई, यात मला 'अज्ञान मुलगा' का म्हटलंय?"

जुन्या कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस अज्ञान म्हणतात, हे त्यांनी त्यास समजावून सांगितले होते. आम्ही मनात आणखी एका गोष्टीचा विचार केला. त्या कागदात आईने वडिलांस किंवा वडिलांनी आईस दूषण दिल्याचे एकही वाक्य नव्हते; १९७६ च्या दुरुस्तीची ही देणगी. दोषारोपांचा अर्ज असता तर त्या दुपारी मुलाने काय वाचले असते? घटस्फोटाचा प्रत्येक कागद एक ना एक दिवस मूल वाचणार आहे, असे धरूनच तो लिहावा. वकिलांनी, न्यायाधीशांनी आणि विशेषतः रागाच्या भरात अर्जावर सही करणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ होईल.

येत्या मार्गशीर्षात तो मुलगा सज्ञान होईल. पालक कोण, सही कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी संपेल; यापुढे त्याच्या कागदांवर तोच सही करील. बाईंनी आमच्यासमक्षच चार कागद वेगळे काढून दुसऱ्या पाकिटात घातले आणि पावत्यांच्या गठ्ठ्यास दोरी बांधली. लग्नाची पत्रिका कोणत्या गठ्ठ्यात ठेवावी हे त्यांनी विचारले नाही, आणि आम्हीही त्याविषयी काही बोललो नाही.